घर कुणाच्या नावावर?

सिनेमा सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. पडद्यावर अमृतसर, बक्षींचं घर, लग्नाच्या वयाच्या चार मुली, आईला त्यांचा घोर लागलेला आणि बाप, म्हणजे अनुपम खेर, गालातल्या गालात हसतोय. मी आणि माझी मुलगी सोफ्यावर. आत्या खाली बसून लसूण सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय रे, हे घर कुणाच्या नावावर आहे?"

"आजी, रोमँटिक पिक्चर आहे हा," मुलगी म्हणाली.

"असू दे गं. बापामागे पोरींना घर आहे की नाही, एवढंच विचारते."

आत्या सातवीपर्यंत शिकलेली. जेन ऑस्टिन हे नाव तिने कधी ऐकलेलंही नाही. पण गुरिंदर चढ्ढा यांचा 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' (२००४) ज्या कादंबरीवर बेतला आहे, त्या ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं सगळं इंजिन याच एका प्रश्नावर चालतं. कादंबरीतल्या बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. पण इस्टेटीला अट अशी जडलेली की ती पुरुष वारसाकडेच जाणार. पाच मुली, मुलगा एकही नाही. त्यामुळे बाप ज्या दिवशी डोळे मिटेल त्या दिवशी राहतं घर कॉलिन्स नावाच्या नातलगाचं. हा कॉलिन्स नायिकेला, दुसऱ्या मुलीला, म्हणजे एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा तिच्या तोंडावर हिशेब मांडतो: तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाचे एक हजार पौंड येणार, तेही आई गेल्यावर. वर्षाला चाळीस पौंड. मागणी घालताना टक्केवारी सांगणारा माणूस विनोदी वाटतो खरा, पण आकडा काही विनोदी नाही.

मिसेस बेनेटना वाचक दोनशे वर्षं हसत आले आहेत. वाचाळ, उथळ, कुणाहीपुढे मुलींच्या लग्नाचा विषय काढणारी बाई. पण त्या घरात पुढचा विचार करणारं माणूस ती एकटीच आहे. बाप आपल्या ग्रंथालयात बसून शेरे मारतो. त्याचं काय जातंय? त्याच्या हयातीत त्याच्या डोक्यावरचं छप्पर कुठे जाणार नाही.

सिनेमाने ही अटच काढून टाकली. बक्षींचं घर जरा जुनं झालेलं, पण त्यांचं आहे आणि ते कुणी काढून घेणार नाही. मग नादिरा बब्बरनी रंगवलेली आई एवढी कासावीस का? तर आया असतातच तशा, पंजाबी आया तर विशेष. भीतीचं कारण काढून घेतलं आणि भीती तेवढी ठेवली, की माणसाचं व्यंगचित्र होतं. कॉलिन्सचा झाला कोहली, कॅलिफोर्नियातला अकाउंटंट. तो कसा खातो, अमेरिकेची टिमकी कशी वाजवतो, यावर आपण हसायचं. त्याच्या हातात या मुलींचं काहीही अडकलेलं नाही. नकार दिला, विषय संपला.

धाकट्या मुलीच्या प्रकरणात तर सिनेमाची रीत अगदी उघड दिसते. कादंबरीत धाकटी लिडिया विकम नावाच्या लफंग्याबरोबर पळून जाते तेव्हा डार्सी, म्हणजे एलिझाबेथचा श्रीमंत नायक, त्याचं हजाराहून जास्त पौंडांचं कर्ज फेडतो, लिडियाच्या नावे वर आणखी हजार ठेवतो, त्याला पलटणीतलं पद विकत घेऊन देतो आणि मग कुठे लग्न लागतं. सिनेमात लंडनच्या एका थिएटरमध्ये दोघांची मारामारी होते. जिथे चेक फाटायला हवा होता तिथे ठोसा बसतो. एक मात्र कबूल करायला हवं: इथे लखीचं, म्हणजे सिनेमातल्या धाकटीचं, त्या माणसाशी लग्न लावून दिलं जात नाही, उलट बहिणी त्याच्या थोबाडीत देतात. या जागी मी ऑस्टिनपेक्षा चढ्ढांच्या बाजूचा आहे.

आणि सिनेमा मला आवडतो, हेही सांगून टाकतो. संतोष सिवन यांचा कॅमेरा आहे, सरोज खान यांचे नाच आहेत, तिसऱ्या मुलीचा, मायाचा, तो नागिणीचा नाच आमच्या घरात दर वेळी मागे नेऊन दोनदा बघितला जातो. गोव्यात ललिता (सिनेमातली एलिझाबेथ, म्हणजे ऐश्वर्या राय) आणि इथे अमेरिकन झालेला डार्सी हॉटेलावरून भांडतात तो प्रसंग तर खरोखर तेज आहे. त्याला गोव्यात पंचतारांकित हॉटेल घ्यायचंय. ती विचारते, तुम्हाला भारत हवाय, पण भारतीय माणसं नकोत, होय ना? ऑस्टिनचा 'प्राइड' इथे नेमका देशी झाला आहे. अडचण अशी की नंतर सगळाच पूर्वग्रह अमेरिका विरुद्ध भारत एवढाच उरतो. आणि तो मिटवायला अवघड नसतो. डार्सीने ढोल गळ्यात अडकवला की मिटला.

भिन्न संस्कृतींतलं प्रेम म्हटलं की आपल्या सिनेमाला गोरा माणूस लागतो. का? कारण तो आपल्याला परवडतो. अमेरिकन जावई म्हटलं की आधी घरात चार दिवस अबोला आणि मग गणपतीत त्याने धोतर नेसलेला फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. मी हे तीन घरांत पाहिलं आहे. त्याच घरांतल्या मुलींचे बायोडेटा मात्र वाचावेत. "आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व." त्या 'क्षमस्व'मधली सभ्यता बघा, जणू दुकानात सुटे पैसे संपलेत. समुद्रापलीकडची संस्कृती चालते, पण मधल्या बोळापलीकडची चालत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणून लग्नाच्या याच कुंपणावर बोट ठेवलं होतं. कुंपण मुलीभोवती असतं आणि मालमत्तेभोवतीही. दोन्हींचे खांब एकाच ठिकाणी रोवलेले असतात.

लग्नाच्या या कागदांवर थोडं थांबतो, कारण मुंबईतली मराठी कादंबरी आता तिथेच लिहिली जाते. गेलं वर्षभर मुलीसाठी स्थळं बघतोय. (ती म्हणते "तुम्ही बघताय, मी नाही." ते असो.) दादरच्या एका वधू-वर सूचक मंडळात फायली चाळल्या, फोनवर पीडीएफ आल्या. शिक्षण, उंची, पॅकेज, निर्व्यसनी हे सगळं असतंच. पण मजकुराचा जीव दोन ओळींत असतो. पहिली: "मुंबईत स्वतःचे घर." कुठे हे लगेच पुढे: मुलुंड, वन बीएचके, कर्जमुक्त. दुसरी: "बहिणी: दोन (विवाहित)." हा कंस मी कित्येक वर्षं नुसता माहिती म्हणून वाचत होतो. तो माहिती नाही, हमी आहे. बहिणींची लग्नं झाली, खर्च उरकला, आणि मुलुंडच्या वन बीएचकेत त्यांचा वाटा कुणी मागणार नाही. कुठे कुठे तर स्वच्छच लिहितात, "कोणतीही जबाबदारी नाही." मिसेस बेनेटना हे वाक्य वाचून दाखवलं तर त्यांना भाषांतर लागणार नाही.

आता आत्याचं सांगायला हवं. ते टाळून पुढे जाणं बरं नाही.

आमची खोली लालबागला, पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून घेतलेली, पण भाड्याचीच. दीडशे-एकशेसाठ फुटांची, बाहेर सामायिक गॅलरी, भाडं महिना बावीस रुपये. भाडेपावती आजोबांच्या नावावर. ते १९९६ साली गेले. पावती वडिलांच्या नावावर करायची तर घरमालकाच्या मेहताजीने बाकीच्या भावंडांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र मागितलं. बाकीची भावंडं म्हणजे आत्या एकटी. शंभराचा बाँड पेपर आणला, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून मजकूर टाइप करून घेतला. आत्या डोंबिवलीहून स्लो लोकलने आली, पिशवीत शेवग्याच्या शेंगा होत्या. तिने विचारलं, "लिहिलंय काय यात?" वडील म्हणाले, "काही नाही गं, पावती माझ्या नावावर करायचीय, तुझी हरकत नाही, एवढंच." कागदावर तिचं सासरचं नाव होतं, पुढे 'उर्फ' आणि माहेरचं. दोन्ही सह्या करायला लावल्या. माहेरच्या नावाची सही करताना ती जरा अडली, सवय राहिली नव्हती. मग आईने चहा टाकला.

कुणी तिला फसवलं का? कायद्याने पाहिलं तर नाही. १९४७चा मुंबईचा भाडे कायदा घ्या किंवा १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, सूत्र एकच: भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. यात मुलगा-मुलगी असा शब्दाचाही भेद नाही. पण मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली असते आणि मुलगा तिथेच गॅलरीत झोपत असतो. सोबत राहणारा कोण, याचं उत्तर लग्नानेच देऊन ठेवलेलं. ऑस्टिनच्या काळी इस्टेटीला अट जडवायला वकील लागायचा. आपल्याकडे सनई-चौघडा पुरतो.

वारसा कायद्याची गोष्टही अशीच सावकाशीची. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा जन्मजात हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाच्या अकरा वर्षं आधी, याचा आपल्याला अभिमान असतो. पण त्या दुरुस्तीतून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. आत्याचं लग्न १९८२चं. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो अडसर काढला आणि बाप २००५मध्ये हयात असायला हवा का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निस्तरला: नको. एवढं सगळं झालं तरी गावाकडच्या सात-बारावर बहिणींची नावं चढतात आणि दोन वर्षांत हक्कसोडपत्राने उतरतात. कुणी जबरदस्ती करत नाही. हक्क मागितला की माहेर तुटतं, हे तिला ठाऊक असतं. दिवाळीला चार दिवस जायला एक दार राहावं म्हणून ती सही करते. हा प्रेमाचाच व्यवहार आहे, आणि त्यात कुणाला किती मिळालं हे विचारायचं नसतं.

आमची चाळ पुढे रिडेव्हलपमेंटला गेली. ट्रान्झिटमध्ये सहा वर्षं काढली आणि आता त्या दीडशे फुटांच्या जागी अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्याच फ्लॅटमध्ये हा सिनेमा चालू होता आणि त्याच फ्लॅटमध्ये आत्या, गुडघ्याच्या उपचारासाठी दोन महिने पाहुणी म्हणून आलेली, खाली बसून लसूण सोलत होती. भाऊबीजेची ओवाळणी मात्र वडिलांनी वाढवत नेली. शंभराची पाचशे झाली होती.

म्हणून मला सिनेमाचा राग येतो तो विलायती नवरा आणला म्हणून नाही. भारतात आणताना कादंबरीतली जी गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी जिवंत आहे, नेमकी तीच विमानतळावर सोडून आले. बाकी घागरे, हत्ती, गुरुद्वारा सगळं आणलं.

असं करावंच लागतं असंही नाही. चारच वर्षं आधी, २००० साली, राजीव मेनन यांनी ऑस्टिनच्याच 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीवर तमिळमध्ये 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन' केला. तिथेही गाणी आहेत, ए. आर. रहमान यांची, आणि तिथेही ऐश्वर्या राय आहे. पण तिथे आजोबा वारतात, मृत्युपत्र निघतं, वाडा त्या मुलाला जातो ज्याने बापाकडे ढुंकून बघितलं नव्हतं, आणि ज्यांनी आजारपण काढलं त्या आई-मुलींना चेन्नईला जाऊन नोकऱ्या शोधाव्या लागतात. तब्बूची सौम्या ऑफिसात फोन उचलण्यापासून सुरुवात करते. तिचं प्रेम मग वेगळंच वजन घेऊन येतं, कारण तिच्या पायाखाली जमीन राहिलेली नसते. एकच नटी, एकच लेखिका, मध्ये चार वर्षं. फरक वाड्याच्या कागदाचा.

'ब्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये दोन मराठी मुली आहेत आणि दोघींचं काम चांगलं आहे. थोरली जया झाली ती नम्रता शिरोडकर (तिने पुढच्याच वर्षी तेलुगू नटाशी लग्न केलं, म्हणजे खरं दोन संस्कृतींचं लग्न पडद्याबाहेरच लागलं). आणि कादंबरीतल्या शार्लटची, म्हणजे एलिझाबेथच्या मैत्रिणीची, चंद्रा झाली ती सोनाली कुलकर्णी. माझ्या मते शार्लट हीच त्या कादंबरीतली सगळ्यात आधुनिक बाई. वय सत्तावीस, रूप बेताचं, पैसा नाही. मैत्रिणीने नाकारलेल्या कॉलिन्सला ती होकार देते आणि एलिझाबेथला सांगते की मी काही रोमँटिक नाही, कधी नव्हते. मला फक्त एक बरं घर हवंय. सिनेमात चंद्राला कोहली मनापासून आवडायला लागलेला दाखवलाय. तो जीव लावणारा आहे, ती सुखात आहे. प्रेक्षकाला टोचू नये म्हणून गादी घातली. आता असं समजा की दादरच्या रानड्यांच्या नाहीतर परळच्या परबांच्या घरात, पंख्याखाली बसून, सोनाली कुलकर्णी मराठीत म्हणतेय, "मला प्रेमबीम नको गं, एक बरं घर हवंय." या शहरात त्या वाक्याला टाळी पडणार नाही. पण सगळं थिएटर गप्प होईल.

लोक सिनेमाला रडगाणं ऐकायला येतात का, असं मुलगी मला विचारते, आणि प्रश्न रास्त आहे. पण ऑस्टिननेही रडगाणं लिहिलेलं नाही. ती विनोदीच लेखिका, आणि तिचा विनोद पैशाच्या खडखडाटातूनच येतो. पैसा काढला की विनोदाला फक्त कोहलीचं खाणं उरतं. आपल्या रंगभूमीला हे कधीच कळलं होतं. देवलांच्या 'शारदा'त (१८९९) बाप मुलीचा सौदा करतो ते रंगमंचावर, गाण्यांच्या बैठकीत, रोख. १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' हे इंग्रजी नाटक 'ती फुलराणी' म्हणून आणलं तेव्हा इंग्लंड विरुद्ध महाराष्ट्र असा सामना लावला नाही. भिंत त्यांनी मराठीच्या आतच शोधली: कोण कसं बोलतं, आणि तसं बोलणाऱ्याला कुठे उभं करतात. म्हणून ते नाटक रूपांतर वाटत नाही. परकी गोष्ट घरात घ्यायची तर आपल्या घरातली तडा गेलेली जागा आधी माहीत असावी लागते.

मला कुणी पैसे दिले (देणार नाहीत) तर मी हा सिनेमा लालबागला करीन. चार मुली, पागडीची खोली. गावाहून शिकायला आलेला चुलतभाऊ, ज्याचं नाव आजीने कधी काळी रेशनकार्डावर घालून घेतलंय आणि जो तेव्हापासून गॅलरीतला कोपरा सोडत नाही, हा कॉलिन्स. विकमचं पॅकेज मोठं आणि त्याहून ईएमआय मोठे. डार्सी बिल्डरचा मुलगा. चाळीच्या पटांगणात रिडेव्हलपमेंटची मीटिंग आहे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माइक कुरकुरतोय, आणि तो शेजारच्याला हळूच म्हणतो की ही माणसं फ्लॅटमध्ये राहायची कशी, आणि ते माइकवरून सगळ्यांना ऐकू जातं. एलिझाबेथ कादंबरीत गमतीने सांगते की डार्सीच्या पेम्बर्ली या वाड्याचं ते देखणं आवार बघितलं तेव्हा आपण प्रेमात पडलो. माझी नायिका सँपल फ्लॅट बघायला जाईल. पांढऱ्या टाइल्स, खोटी फळं ठेवलेलं टेबल, मॉड्युलर किचन. ती नळ सोडून बघेल. पाणी येणार नाही, सँपल फ्लॅटच्या नळाला कुठलं पाणी? आणि डार्सी ओशाळेल. प्रेम तिथून सुरू.

त्या रात्री सिनेमा संपला तेव्हा हत्तींवरून दोन्ही वराती निघाल्या होत्या. आत्याने सोललेला लसूण डब्यात भरला, सालं पेपरात गुंडाळली. तिच्या प्रश्नाचं उत्तर सिनेमाने दिलं नाही, आम्हीही दिलं नव्हतं. तिने परत विचारलं नाही.

फ्रिजच्या दाराला, चुंबकाखाली, सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्म गेले तीन महिने अडकवलेला आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसाहक्क वेगळा, हे सगळं मला माहीत आहे. तरी नाव कुणाचं घालता हे सेक्रेटरीला कळतं, घराला कळतं. मला दोन मुलं, थोरली ही आणि धाकटा मुलगा. फॉर्ममध्ये नाव, नातं, वय आणि टक्के असे रकाने आहेत. पहिल्या ओळीत मी मुलाचं नाव लिहिलंय. टक्क्यांचा रकाना अजून मोकळा आहे. थोरलीचं आधी यायला हवं होतं, वयाने तरी, हे माझ्या लक्षात आलं ते पेन खाली ठेवल्यावर. मुलगी रोज त्या फ्रिजमधून दूध काढते. तिने तो फॉर्म वाचलाय की नाही, मी विचारलेलं नाही.